श्रम हवेत, श्रमिकाचे घर मात्र नको!

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत ज्यांच्या तीन-चार पिढ्या नांदल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर लाभले. कोणाही सहृदय माणसाला आनंद व्हावा असाच तो प्रसंग होता. मात्र त्या आनंदाला उणेपणा न आणता एक प्रश्न विचारला पाहिजे. या चाळी बांधल्या गेल्या त्या कामगारांसाठी. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर त्या जाग्या होत, त्या गिरण्या आता इतिहासजमा झाल्या आहेत. परंतु वरळी-परळचे काम काही थांबलेले नाही. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींना पहारेकरी लागतो, सफाईवाला लागतो, उपाहारगृहात भांडी घासणारा लागतो. त्याच परिसरातील मोठमोठ्या रुग्णालयांना परिचारिका आणि वॉर्डबॉय लागतात. ही माणसे रात्री कोठे जातात? नालासोपारा, टिटवाळा, बदलापूर, कळवा-मुंब्र्याच्या पलीकडे. नाही तर जवळच्या एखाद्या झोपडपट्टीतील पोटमाळ्यावर.

घर मिळाले ते कालच्या कामगाराच्या वारसांना. त्यांचा तो हक्कच होता. आजच्या कामगाराचे मात्र कोणत्याच आराखड्यात नाव नाही. महाराष्ट्राच्या गृहनिर्माण धोरणाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हे धोरण सदैव मागे वळून पाहत आले. जे आधीच येऊन राहिले, त्यांचे दावे मिटवण्यात त्याची सारी शक्ती खर्च झाली. जे उद्या कामाला येणार आहेत, त्यांच्यासाठी दोन खोल्या बांधून ठेवाव्यात, हा विचार त्याला क्वचितच सुचला.

चाळ कोणी बांधली, कशासाठी बांधली?

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेव येथे १८५४ साली स्थापन केली. पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून हजारो शेतकरी कुटुंबांतील तरुण मुंबईस आले. गिरणीने त्यांना हजेरी दिली, छप्पर मात्र दिले नाही. काही गिरणीमालकांनी आवाराजवळ चाळी बांधल्या, पण गरजेच्या मानाने त्या अगदीच थोड्या होत्या. कामगाराने आपली सोय आपणच केली. एका गावच्या माणसांनी मिळून गावकीची खोली घ्यायची, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत आणि बायको-मुले गावी, अशी ती सोय होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या जनगणनांत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेच्या आसपास वा त्याहूनही कमी भरते. त्या आकड्यात कोकणातील आणि घाटावरील हजारो विभागलेल्या संसारांचे दुःख साठलेले आहे.

शासनाला जाग आली ती प्लेगमुळे. १८९६ साली साथ पसरली आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. साथ गरिबाच्या खोलीत जन्मली तरी श्रीमंताच्या बंगल्याचा उंबरठा ओलांडते, हे कळल्यावरच गरिबाच्या खोलीकडे लक्ष गेले. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवून कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. सोयींचा अभाव आणि न परवडणारे भाडे यांमुळे त्यांतील कित्येक खोल्या आरंभी रिकाम्या पडल्या होत्या. परकीय सत्तेचा तो हिशेबी कारभार होता. तरीही त्यामागील एक सूत्र आज आठवण्यासारखे आहे. कामगार ज्या धंद्यासाठी शहरात येतो, त्या धंद्याने त्याच्या निवासाचा काही भार उचलावा, असे ते सूत्र होते.

या सूत्राचे अधिक उमदे रूप स्वदेशी उद्योजकांनी दाखवले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानातील कुंडल रोडच्या माळावर आले, तेव्हा तेथे निवडुंगाखेरीज फारसे काही नव्हते. त्यांनी कारखान्याबरोबरच वसाहत उभारली. नांगर तयार करणारा माणूस कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर आपल्या कुटुंबासह राहील, मुले तेथेच शिकतील, हे त्यांनी कारखान्याच्या उभारणीचाच भाग मानले. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले ते याच दृष्टीने. या वसाहतींनाही एक मर्यादा होती. मालकाचे घर म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेले. परंतु यंत्र बसवण्याआधी माणूस कोठे राहील याचा विचार करावा लागतो, हे शहाणपण या मंडळींजवळ होते.

संरक्षण मिळाले, दार बंद झाले

स्वातंत्र्यानंतर हे शहाणपण हरवत गेले. १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठवण्यात आली. महायुद्धानंतरची टंचाई आणि फाळणीने आलेला निर्वासितांचा लोंढा पाहता त्या वेळी त्याची गरज होती. त्या कायद्यामुळेच लाखो सामान्य कुटुंबे मुंबईत टिकली. गिरणगावातील संप लांबले तरी कामगार बेघर झाला नाही, याचे श्रेयही काही अंशी त्या कायद्याला आहे. पण तात्पुरती व्यवस्था कायमची झाली. गोठलेल्या भाड्यात इमारतीची दुरुस्तीही होईना, तेथे नवी चाळ कोण बांधणार? भाड्याने देण्यासाठी घर बांधण्याचा व्यवसाय जवळजवळ संपला. जुन्या इमारतींची दुरवस्था एवढी झाली की १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमण्याची वेळ आली. जो आत होता त्याला संरक्षण मिळाले. जो बाहेर होता त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या, पागडी भरणे किंवा झोपडी बांधणे. बहुसंख्यांकडे पागडीचे पैसे नव्हते.

त्यात १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. अतिरिक्त जमीन घेऊन गरिबांसाठी घरे बांधण्याचा त्याचा हेतू चांगला होता, पण प्रत्यक्षात जमीन खटल्यांत आणि सवलतींत अडकून पडली. केंद्राने १९९९ मध्ये तो रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. या काळात देशभरच भाड्याच्या घरांना उतरती कळा लागली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार शहरी घरांतील भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर आला. त्याच पाहणीत दुसराही आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरे रिकामी आढळली. त्याच जनगणनेने बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत असल्याची नोंद केली. एकीकडे कुलपे लावलेली घरे आणि दुसरीकडे पत्र्याखाली राहणारी माणसे, हे दृश्य कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारे नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ पासून राबवली जात आहे. तिने अनेकांना पक्के घर दिले, हे मान्य केले पाहिजे. पण तिचे तर्कशास्त्रही मागे पाहणारेच आहे. अमुक तारखेपूर्वी झोपडी होती, तर घर. ती तारीख आधी १९९५, मग २०००, मग २०११ अशी पुढे सरकत राहिली. या व्यवस्थेतून नव्याने येणाऱ्या कामगाराला संदेश कोणता मिळाला? कायद्याने भाड्याची खोली मिळणार नाही. सरकारी जमिनीवर झोपडी बांधून तारीख पुढे सरकण्याची वाट पाहा! प्रामाणिक माणसाला बेकायदा व्हायला भाग पाडणारी व्यवस्था नंतर त्यालाच घुसखोर म्हणून हिणवते, यापरता दुटप्पीपणा कोणता?

हातची गेलेली संधी

कालचा हिशेब आणि उद्याची तरतूद या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची संधी मुंबईला एकदा मिळाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर गिरणगावही विरले. मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या मध्यभागी, दोन रेल्वेमार्गांच्या कुशीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरवले. एक तृतीयांश महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांकडे. वाटणी न्याय्य होती. पण २००१ मध्ये नियम बदलला. तिसरा हिस्सा संपूर्ण जमिनीचा नव्हे, तर केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीचा, असे ठरले. जेथे सारी जमीन शेडखाली झाकलेली, तेथे मोकळी जमीन ती किती असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने बदललेला नियम वैध ठरवला. तत्पूर्वी २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच मालकीच्या, पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटी रुपयांना विकल्या गेल्या. निर्णय कायदेशीर होता. पण कायद्याने जे चालते ते सारेच समाजहिताचे असते, असे नव्हे.

त्याचे फळ आज दिसते आहे. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस यांचे घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. २०२० पर्यंतच्या साऱ्या सोडती धरूनही हा आकडा सोळा हजारांच्या आतच राहिला. मग २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी येथे ८१ हजार घरांची योजना पुढे आली. बदलापूरच्याही पलीकडील ही स्थानके ऐकून वृद्ध कामगार अस्वस्थ झाले आणि २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर जमून त्यांनी मुंबईतच घरे मागितली. जे परळच्या यंत्रांवर आयुष्यभर उभे राहिले, त्यांना कर्जतच्या वाटेवर घर देताना राज्यकर्त्यांचा हात थरथरायला हवा होता.

याहून बोलकी गोष्ट पनवेलजवळच्या कोन गावची आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आखली. उद्याच्या कामगारासाठी, विकायची नाहीत अशी १६० चौरस फुटांची घरे उभारण्याचा तो दुर्मीळ प्रयत्न होता. घरे उभी राहिली, पण भाड्याने देण्याची यंत्रणा उभी राहिली नाही. अखेर कोन येथील अशी दोन-दोन घरे जोडून त्यांतील २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी काढण्यात आली. उद्यासाठी राखलेले धान्य कालचे देणे फेडण्यात गेले. यात कामगारांचा दोष नाही. ज्या घराण्याने बियाणे वेगळे ठेवलेच नाही, त्यावर ही पाळी येतेच.

अंतराची किंमत कोण मोजतो?

‘परवडणारे घर’ हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. घराची किंमत आणि चटईक्षेत्र एवढ्या दोनच गोष्टींवर त्याची व्याख्या होते. कामाचे ठिकाण किती दूर, हा प्रश्न व्याख्येत येतच नाही. एक साधा हिशेब करून पाहावा. जाण्यास दोन तास आणि येण्यास दोन तास, महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. हे शंभर तास झाले. आठ तासांची पाळी धरली तर महिन्याला साडेबारा पाळ्या! दर महिन्याला साडेबारा पाळ्यांचे बिनपगारी काम कामगार करतो आहे आणि ते कोणाच्याही हजेरीपटावर लागत नाही. लांबचे घर स्वस्त वाटते, कारण त्याच्या किमतीचा मोठा भाग पैशांत नव्हे, तर आयुष्यात चुकता केला जातो.

कित्येकदा तो जीव देऊन चुकता होतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावली आहेत. काही रूळ ओलांडताना, काही गर्दीच्या डब्यातून पडून. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. अशा वेळी चर्चा होते ती डब्यांच्या दारांची आणि गाड्यांच्या संख्येची. ती आवश्यकच आहे. पण एवढी माणसे एवढ्या दुरून रोज का येतात, हा प्रश्न त्या चर्चेत कोठे हरवतो? २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. कामाची ठिकाणे दक्षिणेस राहिली आणि कामाची माणसे उत्तरेस ढकलली गेली. या दोहोंमधील दरी भरून काढण्याचे काम एकट्या लोकलवर सोपवण्यात आले.

याचे आणखी एक मोल आहे, जे कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. पहाटे पाचला घर सोडून रात्री नऊला परतणारा बाप मुलाला जागेपणी पाहतो तो रविवारी. आई-वडील दोघेही कामावर असतील तर घराची किल्ली दहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात असते. कुटुंब हा आपल्या समाजाचा पाया आहे, असे भाषणांतून वारंवार सांगितले जाते. पण कुटुंब टिकते ते एकत्र घालवलेल्या वेळावर. संध्याकाळचे दिवेलागणीचे दोन तास ज्या घराला मिळत नाहीत, तेथे संस्कार कोणी आणि कधी करायचे? कुटुंबव्यवस्थेची ज्यांना काळजी आहे, त्यांनी कामगाराच्या घराचा प्रश्न केवळ गृहनिर्माण खात्यावर सोडून चालणार नाही.

प्रश्न एकट्या मुंबईचा नाही

पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी वाढू लागली तेव्हा १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. औद्योगिक कामगारांना माफक दरात घरे मिळावीत, हा त्याचा मूळ उद्देश होता. काही पेठा वसल्या, काही हजार कुटुंबांना त्याचा लाभही झाला. परंतु नगरी ज्या वेगाने वाढली, त्या वेगाशी प्राधिकरणाचे पाऊल कधीच जुळले नाही आणि २०२१ मध्ये ते अन्य संस्थांत विलीन झाले. उद्योग मात्र चाकण, तळेगाव, रांजणगावपर्यंत पसरले. मोटारी बनवणाऱ्या या पट्ट्यात कारखान्याला भूखंड मिळाला, रस्ता मिळाला, वीज आणि पाणी मिळाले. कंत्राटी कामगाराला मिळाली ती गावातील पत्र्याची खोली. विदर्भ-मराठवाड्यातून आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले तीन-चार तरुण एक खोली घेतात, पाळीप्रमाणे अंथरूण वाटून घेतात आणि लग्न झाले तरी पत्नीला गावीच ठेवतात. शंभर वर्षांपूर्वीची गावकीची खोली चाकणमध्ये नव्याने अवतरली आहे. यंत्रमानवांनी सजलेल्या कारखान्यांच्या दारातले हे दृश्य प्रगतीच्या कल्पनेलाच छेद देणारे आहे.

२०२० च्या टाळेबंदीत या व्यवस्थेचा भेसूर चेहरा देशाने पाहिला. ज्याच्या नावे शहरात छप्पर नाही, त्याला काम थांबताच तेथे थांबण्याचे कारण उरले नाही. माणसे चालत निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले आणि करमाडजवळ थकून रुळांवर झोपी गेलेले सोळा कामगार मालगाडीखाली सापडले. त्यांच्या श्रमातून घडलेले लोखंड कितीतरी इमारतींच्या पायात असेल, पण राज्यात त्यांचे स्वतःचे असे काही नव्हते.

या धक्क्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना मंजूर केली. पूर्वीच्या योजनांतून सरकारी पैशाने बांधलेली आणि रिकामी पडलेली घरे दुरुस्त करून स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यायची, अशी ती सुबुद्ध कल्पना होती. देशभर अशी सुमारे ८३ हजार घरे होती, त्यांतील सुमारे ३२ हजार एकट्या महाराष्ट्रात. पुढे देशात प्रत्यक्ष भाड्याने गेली ती पाच-सहा हजारांच्या घरात. घर तयार, गरजू तयार, पैसा आधीच खर्च झालेला, आणि तरीही दार उघडले नाही. भाडे कोणी वसूल करायचे, देखभाल कोणी करायची, राहणारा उठला नाही तर जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रणा नगरपालिकांजवळ नव्हती. दोष योजनेत कमी आणि अंमलबजावणीत अधिक होता.

काहीच घडले नाही, असे मात्र नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे रे नगर वसाहतीत विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार आणि कचरावेचक यांच्यासाठी ३० हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांतील १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले. त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे नेते डाव्या विचारांचे, मोबदल्यात निधी देणारे सरकार भिन्न विचारांचे. गरिबाच्या घरासाठी दोन टोके एकत्र येऊ शकतात, हे सोलापूरने दाखवले. तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विडी वळणाऱ्या स्त्रीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. तिला मिळालेला दिवाणखाना म्हणजे तिचा कारखाना. घर आणि काम यांची सांगड किती घट्ट असते, हे त्या माउलीला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तामिळनाडूने निराळी वाट धरली. श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगाल येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातील १८,७२० महिला कामगारांसाठी शासकीय औद्योगिक महामंडळाने निवाससंकुल उभारले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते सुरू झाले. वसतिगृह म्हणजे संसार नव्हे, ही त्याची मर्यादा आहे. वीस वर्षांची मुलगी तेथे सुखाने राहील. तिशीत, मूल झाल्यावर तिने कोठे जावे? पण कारखान्याबरोबर निवासही पायाभूत सुविधांत मोजला पाहिजे, हे त्या राज्याने ओळखले. उद्योग आणण्याची स्पर्धा आता केवळ करसवलतींची राहिलेली नाही. कुशल कामगार जेथे स्थिर राहू शकतो, तेथेच कारखाना स्थिरावतो.

करायचे काय?

मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण संमत केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य त्यात आहे. औद्योगिक क्षेत्रांजवळ कामगारांसाठी घरे, नोकरदार महिलांसाठी भाड्याची घरे, चालत कामावर जाता येईल अशी रचना, या गोष्टींचाही त्यात समावेश आहे. केंद्राच्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. कागदावर दृष्टी बदललेली दिसते. ती जमिनीवर उतरायची असेल तर काही गोष्टी कठोरपणे पाळाव्या लागतील.

पहिली गोष्ट ही की, सार्वजनिक जमीन विकू नये. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराची जमीन असो, रेल्वेची असो वा बंद पडलेल्या सरकारी कारखान्यांची असो, तिचा निश्चित हिस्सा भाड्याच्या घरांसाठी कायमचा राखला जावा आणि तो हिस्सा नियमातील एखादा शब्द बदलून आकुंचित करता येणार नाही, अशी तरतूद व्हावी. गिरण्यांच्या जमिनीचा धडा एवढा महाग पडल्यावर तो पुन्हा गिरवण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, भाड्याचे घर भाड्याचेच राहावे. आज राहणाऱ्याच्या नावे ते करून टाकण्याचा मोह प्रत्येक निवडणुकीपूर्वी होईल. पण एका कुटुंबाला दिलेले मोफत घर म्हणजे पुढील दहा कुटुंबांना नाकारलेले भाड्याचे घर, हे राज्यकर्त्यांनी आणि मतदारांनीही समजून घेतले पाहिजे. या घरांचे भाडे कामगाराच्या मजुरीशी निगडित असावे आणि त्यांची व्यवस्था मालकाकडे नव्हे, तर सहकारी संस्था, विश्वस्त संस्था वा स्वतंत्र महामंडळाकडे असावी. कामगाराने नोकरी बदलली तरी त्याच परिसरात त्याचे छप्पर टिकले पाहिजे. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट, ज्या उद्योगाला शासन जमीन आणि सवलती देते, त्याच्याकडून कंत्राटी कामगारांसह एकूण मनुष्यबळाच्या निवासाचा आराखडा मागितला जावा. पाणी किती लागेल आणि वीज किती लागेल, हे जसे अर्जात लिहावे लागते, तसेच माणसे किती लागतील आणि ती कोठे राहतील, हेही लिहावे लागले पाहिजे.

चौथी गोष्ट, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत प्रवासाचा वेळ आणि खर्च धरला जावा. तसे झाले की शेलू-वांगणीचे घर मुंबईत काम करणाऱ्यासाठी खरोखर स्वस्त आहे काय, याचे उत्तर सरकारी कागदच देऊ लागतील.

हे सारे तोट्याचे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. भाड्यातून व्याजही सुटणार नाही, हे खरे आहे. पण रस्त्यातून तरी कोणते व्याज सुटते? शाळा आणि रुग्णालये नफ्यासाठी चालवली जात नाहीत. कामगाराचे घर याच मालिकेत बसते. ते दया म्हणून द्यायचे नाही आणि मतांची बेगमी म्हणूनही नाही. ज्या प्रदेशाला श्रम हवे आहेत, त्याने श्रमिकाच्या निवासाचा खर्च आपल्या हिशेबात धरावा, एवढीच ही मागणी आहे. आज तो खर्च होत नाही असे नाही. तो कामगाराच्या झोपेतून, त्याच्या मुलांच्या बालपणातून आणि रेल्वेच्या रुळांवरून वसूल होतो आहे.

शासनाकडे बोट दाखवून मध्यमवर्गाची सुटका मात्र होत नाही. मुंबई-पुण्यातील कुलूपबंद घरांपैकी कितीतरी सुशिक्षित, सुस्थित कुटुंबांच्या मालकीची आहेत. भाडेकरू घर बळकावील ही भीती त्यांना वाटते आणि गतकाळचा अनुभव पाहता ती निराधारही नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, तो ही भीती दूर व्हावी म्हणूनच. मालक आणि भाडेकरू या दोघांचेही तंटे ठरावीक मुदतीत मिटवणारी व्यवस्था राज्याने उभी केली, तर त्यांतील बरीच दारे उघडतील. पण प्रश्न केवळ कायद्याचा नाही. गृहनिर्माण संस्थेला चोवीस तासांचा पहारेकरी हवा असतो, सकाळी सहाला दूध, आठला मोलकरीण आणि अकराला वाहनचालक हवा असतो. त्याच संस्थेच्या वार्षिक सभेत परिसरातील मोकळ्या भूखंडावर लहान घरांची इमारत होणार असे कळले, की विरोधाचा ठराव एकमताने होतो. ज्यांच्या हातचे अन्न चालते, त्यांची वस्ती शेजारी चालत नाही. समाज एकरस व्हावा, असे मनापासून वाटणाऱ्यांनी त्या सभेत उठून या ठरावाविरुद्ध बोलायला हवे. तेथे हात वर करणारा एक जरी माणूस निघाला, तरी त्या भूखंडावर घर होण्याची शक्यता जिवंत राहील.